भूल, हलगी आणि पाटलाचा श्वास

मी डॉक्टर झालो तेव्हा आईनं सगळ्या आळीत साखर वाटली, आणि मी नेमकं काय काम करतो हे कळल्यावर तिला त्या साखरेचा पस्तावा झाला.

आम्ही नगरचे साळी. आजोबा मागावर बसले, वडील मागावर बसले, थोरले भाऊ अजून बसतात. कॉलेजची पायरी चढलेला घरातला पहिला माणूस मी, आणि हे सांगताना मी आवाज खाली घेत नाही. मुंबईहून एम.बी.बी.एस. होऊन परत आलो ते लढाईचे दिवस होते. आईची समजूत अशी, की पोरगा आता हातात सुरी धरणार. पण नगरातल्या ज्या इस्पितळात मला जागा मिळाली तिथं सुरी धरायला मोठे साहेब होते, आणि ते ती दुसऱ्याच्या हाती लागू देत नसत. त्यांनी मला रोग्याच्या डोक्याशी उभं केलं आणि म्हणाले, तुम्ही भूल द्या.

"म्हणजे तू करतोस काय?" आईनं विचारलं.

"माणसं झोपवतो."

"तसं तर मी तुम्हा सहा जणांना रोज झोपवत होते. त्याला मुंबईला जावं लागतं होय?"



त्यातून तो शब्द. आमच्याकडे रानात चकवा लागला की भूल पडते, भगत घालतो ती भूल, आणि हिशेबात चुकते तीही भूलच. या सगळ्यांचं ओझं डोक्यावर घेऊन मी टेबलाशी उभा राहायचो. रोगी उठून बसला तर तो साहेबांचा हात. नाही उठला तर ती माझी भूल. बरे झालेले रोगी हार घेऊन यायचे ते साहेबांसाठी. मी शेजारीच उभा असे. एकदा एकानं हार घालून झाल्यावर माझ्या हातात चपला दिल्या आणि जरा सांभाळा म्हणाला.

आता ही विद्या काय होती ते साध्या शब्दांत सांगतो, कारण आजच्या मंडळींना ते खरं वाटणार नाही. तारेची एक जाळी, चहाच्या गाळणीची थोरली बहीण म्हणा. तिच्यावर मलमलीच्या घड्या. ती नाकातोंडावर धरायची आणि बाटलीतून तिच्यावर क्लोरोफॉर्म थेंब थेंब सोडायचा. बाटलीच्या बुचाला खाच पाडून त्यात कापडाची वात घातलेली असे, म्हणजे धार न लागता थेंब पडे. ईथर हे दुसरं औषध. ते जास्त भरवशाचं, पण नगरच्या उन्हाळ्यात बाटलीतून नाकापर्यंत पोचायच्या आत निम्मं हवेत जायचं, आणि जवळ दिवा असला तर पेट घ्यायचं. वीज कधी जाईल याचा नेम नसल्यामुळे आमच्याकडे दिवा नेहमी जवळच असे. म्हणून क्लोरोफॉर्म. तो पेट घेत नाही. माणूस मात्र घेतो कधीकधी, आणि का घेतला ते सांगत नाही. दाढेचं गळू फोडून घ्यायला आलेला एक धडधाकट हमाल, गमती करत टेबलावर चढला, तो पुन्हा उतरला नाही. मोठ्या साहेबांनाही कारण सापडलं नाही. त्याची टोपी बरेच दिवस खुंटीवर होती. ती काढायला कोणाचा हात होत नव्हता.

आता म्हणे छातीला तारा लावतात, पडद्यावर रेघ उड्या मारते आणि यंत्र टुकटुक करतं. आमची यंत्रं देवानं अंगावरच दिलेली होती. एक बोट जबड्याखाली, तिथं नाडी लागते आणि त्याच बोटानं जबडा पुढं ओढून धरता येतो, म्हणजे जीभ मागं पडून घसा बुजत नाही. डोळे रोग्याच्या बुबुळांवर आणि कानाच्या पाळीवर. पाळी गुलाबी तोवर बरं, जांभळी दिसली की पळापळ. आणि सगळ्यात मोठं यंत्र म्हणजे माझा कान. श्वास ऐकायचा. श्वास घोरतो, अडखळतो, खरखरतो, थांबतो, आणि यातलं प्रत्येक काहीतरी सांगत असतं. माझ्या आयुष्यातली सगळी कमाई मी कानावर केली. मागाच्या खटखटीत वाढलेल्या पोराचा कान बरा राहिला हेच नवल.

झोप लागते आहे की नाही हे कळावं म्हणून रोग्याला आकडे मोजायला सांगायचे, असं पुस्तकात होतं. पाथर्डीकडची एक धनगरीण आली होती. मी म्हटलं, बाई, मोजा.

"काय मोजू?" ती म्हणाली.

"काही नाही. नुसतं मोजायचं."

"नुसतं कसं मोजायचं? मोजायला काय तरी समोर पायजे का नको?"

पुस्तक लिहिणाऱ्या साहेबाला हे सुचलं नव्हतं. शेवटी मी तिला मेंढरं मोजायला सांगितली. तिनं आकडे घेतलेच नाहीत, एकेक मेंढी नावानं हाक मारून पुढं काढली. चंद्री, बोकडतोंडी, लंगडी, मामाची... असा सगळा कळप माझ्या टेबलावरून गेला आणि बाई झोपली. तेव्हापासून मी पुस्तक बाजूला ठेवलं आणि ज्याला जे पाठ असेल ते म्हणायला लावायला लागलो.

आता खंडेराव पाटलांचं सांगतो, कारण बाकीचं सगळं त्याच्यासाठीच होतं.

राहुरीच्या अलीकडचं एक गाव. नाव सांगत नाही, त्यांची नातवंडं अजून तिथं मतं मागतात. या गावात पोळ्याच्या दिवशी वेशीला तोरण बांधायचं, आणि त्या तोरणाखालून ज्याची बैलजोडी आधी जाईल त्याच्या घराण्याकडे गावचा मान. खंडेराव पाटील आणि त्यांचे चुलतभाऊ सावळेराम पाटील, दोघांचंही म्हणणं असं की घराण्याची थोरली पाती, म्हणजे थोरली शाखा आपली, म्हणून मान आपला. एकमेकांच्या घरचं पाणी बंद, लग्नकार्याला जाणं बंद, नगरच्या कोर्टात दावा चालू. वकिलांची दोन घरं या दोन बैलजोड्यांवर चालली होती.

एके दिवशी सकाळी खंडेरावांना, लढाईत पेट्रोल मिळेना म्हणून कोळशावर चालणाऱ्या सर्व्हिस मोटारीतून आमच्याकडे आणलं. अंतर्गळ जुना होता. त्यात आतडं उतरून अडकलं होतं. मोठ्या साहेबांनी पोटावर हात ठेवला आणि म्हणाले, आत्ता फाडलं पाहिजे, उशीर केला तर आतडं सडेल आणि माणूस जाईल. कमरेत सुई देऊन खालचं अंग बधिर करायची विद्या तेव्हा होती, पण लढाईमुळे ते औषध येईनासं झालं होतं. राहिला क्लोरोफॉर्म, म्हणजे मी.

पाटलांना टेबलावर घेतलं. दुखण्यानं तोंड काळंठिक्कर पडलेलं, तरी मिशांना पीळ होता. त्यांनी मला खूण करून खाली वाकायला लावलं.

"डाक्तर, भुलीत मानूस बोलतो म्हंत्यात. खरं का?"

"काही जण बोलतात."

"खरं बोलत्यात का खोटं?"

"खोटं बोलायला शुद्ध लागते, पाटील," मी म्हणालो.

शिकलेल्या माणसाला खटकेबाज वाक्याचा मोह होतो. पाटील कोपरावर उठून बसले. "मग ऱ्हाऊ द्या. गाडी बगा रं."

मग कळलं ते असं. वडिलांनी मरताना त्यांच्या कानात एक गोष्ट सांगितली होती. काय, ते त्यांनी कोणाला सांगितलं नव्हतं, पण न सांगितल्यामुळे सगळ्या गावाला ते माहीत झालं होतं: थोरली पाती सावळेरामाची. आणि हा सावळेराम त्या मोटारीच्या मागोमाग येऊन आमच्या दारात बसला होता. एवढंच नाही, त्यानं आपल्या वकिलाचा कारकूनही बोलावून घेतला होता. तो कानावर पेन्सिल खोचून शेजारी उकिडवा बसला. मी सावळेरामला म्हटलं, तुम्ही बाहेर बसा. त्यानं डोळे पुसत सांगितलं, "माझा चुलतभाऊ हाय. मी न्हाई बसायचं तर कोनी?" डोळे खरोखर ओले होते. मला ते नाटक वाटलं.

दार लावायची सोय नव्हती. उन्हाळ्याचे दिवस, दार लावलं तर त्या वासानं रोग्याआधी मी झोपायचो.

मोठे साहेब चिडले, घाबरवून पाहिलं, समजावून पाहिलं. पाटील ऐकेनात. जीव जाईल, म्हटलं तर म्हणाले, जाऊ द्या, मान तर ऱ्हाईल. तेव्हा इतका वेळ भिंतीशी उभ्या असलेल्या पाटलीणबाई पुढं झाल्या. बाई बोलायला कमी होत्या. नवऱ्याकडे न बघता त्यांनी विचारलं, "आन् मान ठिवायचा कुनाच्या डोस्क्यावर? माझ्या?"

पाटील पुन्हा आडवे झाले. बाईंनी गड्याला बाहेर बोलावून काहीतरी सांगितलं. थोड्या वेळानं गडी बाजारातून दोन हलगीवाले घेऊन आला. ते आमच्या खिडकीखाली उभे राहिले, आणि बाई म्हणाल्या, आता द्या भूल. हे वाजवतील, मालक काय बी बोलूदेत, कुनाला ऐकू जानार न्हाई. साहेबांना सांगायला कारण नवसाचं होतं. मोठे साहेब नवसाला घाबरत नसत, पण पाटील लोकल बोर्डात होते आणि इस्पितळाच्या नव्या पडवीचा कागद बोर्डातच अडकलेला होता. ते म्हणाले, वाजू द्या.

मी म्हटलं, साहेब, मला श्वास ऐकू येणार नाही.

साहेब म्हणाले, मग बघा.

म्हणजे कसं, की शिंप्याला म्हणावं, डोळे मिटून शिव, टाके हातानं चाचप. पण माझं तिथं कोण ऐकतं? पाटलांचे हात पट्ट्यांनी बांधले, मी जाळी तोंडावर धरली, आणि बाहेर हलगी कडाडली. कुस्तीच्या फडात वाजते तशी, अंगातलं रक्त उसळवणारी. मी पाटलांना म्हटलं, बैलांची नावं घ्या. त्यांचे ओठ हलताना दिसले. काय म्हणत होते ते देवाला ठाऊक.

झोप लागायच्या आधी एक टप्पा येतो. माणूस अर्धा इकडे, अर्धा तिकडे असतो. हातपाय झाडतो, शिव्या देतो, गातो, आणि मध्येच श्वास कोंडून धरतो. यातलं शिव्या देणं निरुपद्रवी. श्वास कोंडणं वाईट, कारण कोंडलेला श्वास सुटला की माणूस एकदम मोठा श्वास ओढतो, आणि जाळीवर तेवढ्यात क्लोरोफॉर्म साचलेला असला तर तो सगळा एका घोटात आत जातो. मग हृदय थांबतं. तो हमाल बहुधा असाच गेला.

पाटील झाडायला लागले. पट्ट्या ताणल्या. मी कान त्यांच्या तोंडापाशी नेला. कानात फक्त हलगी. छाती हलते आहे असं वाटलं, पण ती श्वासानं की धडपडीनं ते कळेना. बोटाखालची नाडी आणि हलगीचा ठोका यांची गल्लत व्हायला लागली. मी सवयीनं आणखी थेंब सोडायला बाटली उचलली, आणि पाटलांच्या कानाच्या पाळीकडे लक्ष गेलं. पिकल्या जांभळासारखी झाली होती.

मी जाळी उचलून फेकली, दोन्ही हातांनी जबडा पुढं ओढला आणि खिडकीकडे तोंड करून ओरडलो, बंद करा. त्या इस्पितळात मी पहिल्यांदा आवाज चढवला होता. मोठे साहेब दचकले. हलगी थांबली.

इतकी शांतता झाली की दारातल्या कारकुनानं पेन्सिल कानावरून काढलेली ऐकू आली. आणि त्या शांततेत पाटलांनी श्वास घेतला. लांब, खरखरीत, जुनं रहाटगाडगं पाणी ओढतं तसा. मग दुसरा. मी ऐकत राहिलो. पाळीचा रंग परतला. आणि आता तोंडावर जाळी नव्हती, भूल हलकी झाली होती, तेव्हा पाटील खणखणीत आवाजात, सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले:

"सोडा रं. आधी त्याला सोडा."

बस्स. मी पुन्हा जाळी ठेवली, हलगी काही पुन्हा वाजली नाही, आणि थोड्याच वेळात ते असे झोपले की मोठ्या साहेबांनी आतडं मोकळं करून, जागेवर बसवून, टाके घातले तरी मिशीचा केस हलला नाही.

दारात काय झालं ते मी डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिलं. कारकून आनंदानं लिहायला लागला होता. सावळेराम उठला. कारकुनाला म्हणाला, "चला. काय ऐकू आलं न्हाई."

"अहो, मी ऐकलं ना."

"हलगी वाजत हुती. काय ऐकू येनार?"

हलगी केव्हाच थांबली होती. पण सावळेराम कारकुनाला दंडाला धरून घेऊन गेला. मला वाटलं, यात त्याचा काही डाव असणार. गावच्या राजकारणात मी इतपतच हुशार होतो.

पण बाकीच्यांनी ऐकायचं ते ऐकलंच होतं. हलगीवाल्यांनी ते बाजारात नेलं, बाजारातून ते गावात गेलं, आणि गावात दोन पक्ष झाले. सावळेरामाची माणसं म्हणत, झालं कबूल, पोळ्याला आधी त्याची जोडी सोडा म्हणाले. खंडेरावांची माणसं म्हणत, छट्, हात बांधलेले होते, पट्टा सोडा म्हणाले. वकिलांनी आणखी बारीक केलं. भुलीत बोललेलं खरं धरायचं की भूल धरायची, यावर कोर्टाच्या आवारात चहावर चहा झाले. मला रस्त्यात अडवून लोक विचारत. ज्यांनी जन्मात मला नमस्कार केला नव्हता ते घरी आंबे घेऊन आले. आईला पहिल्यांदा वाटलं की पोरगा काहीतरी मोठं काम करतो. मी सगळ्यांना एकच सांगितलं: मी तिथं श्वास ऐकायला होतो, शब्द ऐकायला नव्हे. लोकांना ते फार मुरब्बी उत्तर वाटलं. ते नुसतं खरं होतं.

आपण काय बोललो हे माहीत नसलेला सगळ्या तालुक्यात एकच माणूस होता. शुद्धीवर आल्यावर वांतीनं बेजार झालेल्या पाटलांनी वाचलो का असं विचारलं नाही. काय बोललो, एवढंच विचारलं. मी टाळलं. टाके काढायच्या दिवशी त्यांनी माझा हात धरला.

"बायकू सांगत न्हाई. गडी इकडं-तिकडं बगत्यात. डाक्तर, पाटलाचा शब्द हाय. मी मान दिला म्हनलो आसंन तर दिला. भुलीत का हुईना, माज्याच तोंडातनं गेलाय. मला खोटं पडायचं न्हाई. काय बोललो?"

 जिवापेक्षा जपलेली वस्तू गेली की राहिली ते मी सांगणार होतो. पण गोष्ट त्यांचीच होती, ती त्यांच्यापासून लपवण्याचा मला अधिकार नव्हता. मी ते शब्द जसेच्या तसे सांगितले, आणि गावानं त्यांचे काढलेले दोन्ही अर्थही.

पाटलांनी डोळे मिटून घेतले. मला वाटलं, मान गेला. मग ते हसायला लागले आणि टाक्यांवर दोन्ही हात दाबून धरले.

"मान न्हाई न् पट्टा न्हाई," ते म्हणाले. "आमी बारकी हुतो. पोळ्याच्या मानाचा बैल मी मुळा नदीच्या वाळूत पळवाया नेला, त्यो लंगडत आला. आज्यानं दोगांना बी गोट्यात दावनीला बांधलं. सावळ्याचा काय बी गुन्हा नव्हता. माज्या मागं आला, येवढाच. त्याच्या पायाला मुंगळं लागलं हुतं. मी वरडत हुतो, आधी त्याला सोडा."

मला सावळेरामाचे ओले डोळे आठवले, आणि न वाजणारी हलगीही आठवली. त्यानं तो शब्द कुठला ते दारात बसल्या बसल्या ओळखलं होतं. मी ते पाटलांना सांगितलं.  मी म्हटलं, मग आता बोला की त्यांच्याशी.

"येडं का तुमी?" पाटील म्हणाले. "दावा चालू हाय."

दावा चालूच राहिला. मानाचा प्रश्न होता. फक्त पुढं पुढं असं झालं, की तारखेला दोघं एकाच टांग्यातून स्टेशनावरून कोर्टात येत, आत हमरीतुमरीवर येत, आणि परतीच्या गाडीत एकमेकांच्या चंचीतली सुपारी खात. वकिलांना हे पसंत नव्हतं. पोळ्याला मान कोणाचा झाला म्हणाल, तर दर वर्षी एक जण आजारी पडे. आलटून पालटून.

काही वर्षांनी सावळेराम आमच्याकडे आले. अंतर्गळच. घराण्यात एवढी एक गोष्ट दोन्ही पात्यांना वादाशिवाय मिळाली होती. तोवर कमरेत सुई द्यायचं औषध पुन्हा मिळायला लागलं होतं. मी सांगितलं, झोपायची गरज नाही, जागेपणी होईल. त्यांनी मान हलवली. म्हणाले, ते नको, भूलच द्या.

मी कारण विचारलं. सावळेराम खाली बघून धोतराचा सोगा चाचपत राहिले.

"खंड्याला दारात बसवा," ते म्हणाले. "आन् हलगी नको."